शांताबाईकडे ठेवलेली सॅक

अंधेरीला गुंदवलीत राण्यांची खोली होती आणि बरोबर समोर, बोळ ओलांडला की, शांताबाईची. राण्यांच्या सुगंधाने अंदमानला जायचं म्हणून पाठीवरची सॅक भरली, आणि ती भरलेली सॅक तीन वर्षं शांताबाईच्या घरी राहिली. नवख्या माणसाला हे सांगितलं की तो आधी विचारतो, अंदमानला कशाला. आणि मग विचारतो, शांताबाईकडे कशाला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुगंधालाही धड देता यायचं नाही. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे तिची सासू.

सुगंधा रेनकोटच्या कारखान्यात कामाला होती. कोट शिवून झाले की सुईच्या भोकांतून पाणी शिरू नये म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवायची, हे तिचं काम. वय चाळिशीला टेकलेलं. मूल झालं नव्हतं, आणि सासूने त्यावरून तिला एकदाही टोचलं नव्हतं, ही गोष्ट सुगंधा मनात जपून होती. नवरा धाकू गिरणीत होता. संप झाला, गिरणी पुन्हा उघडली नाही, आणि आता तो मरोळला एका छापखान्यात कागद कापायचा. धाकू मुळात कमी बोलायचा; संपानंतर तर त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला नळ सोडण्यासारखं होतं.

तर कारखान्यात सुगंधाच्या शेजारच्या मशीनवर कुंदा नावाची पार्ल्याची बाई बसायची. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. रविवार आला की ही डोंगरावर, आणि थंडीत तिच्या भटक्यांच्या मंडळाची एखादी लांबची सफर. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता कुंदा म्हणाली की यंदा अंदमान, मद्रासहून बोटीने. तिथलं पाणी म्हणे इतकं नितळ, की किनाऱ्याला होडी उभी असली तर तिची सावली खाली तळावर पडते. होडी पाण्यावर आहे असं वाटतच नाही, हवेत टांगल्यासारखी दिसते.

बाकीच्या बायका भाजीची देवाणघेवाण करत होत्या. सुगंधाचा घास हातातच राहिला. तळावर पडलेली सावली. त्या दिवशी तिने पट्ट्या चिकटवल्या त्या कशा चिकटवल्या, देवाला ठाऊक. संध्याकाळी घरी येताना रस्त्यावरचे लोक, टपऱ्या, हातगाड्या सगळं तिला जमिनीपासून वीतभर वर उचलल्यासारखं दिसत होतं.

आठवडाभर तिने हे पोटात ठेवलं आणि मग भाकऱ्या थापता थापता सांगून टाकलं. धाकूने जेवण संपवलं आणि हात धुताना म्हणाला, जा. संपाच्या काळात तिने घर कसं ओढलं होतं ते तो विसरला नव्हता, त्यामुळे एवढा एक शब्द बोलायला त्याला जड गेलं नसावं. अडचण होती ती त्याच्या आईची. द्रौपदीबाई देवगडकडच्या. सत्तरी गाठलेली, पण आवाज खणखणीत.

"माड बघुक इतक्या लांब कित्याक गो?" ती म्हणाली. "आपल्या घरामागे काय माड कमी असत?"

आता गंमत अशी, की घरामागचे ते माड द्रौपदीबाईने स्वतः कैक वर्षांत पाहिले नव्हते. नवरा गेल्यावर दिराशी तिचं काहीतरी बिनसलं, आणि पुन्हा त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही अशी शपथ घेऊन ती मुंबईला आली. शपथ तिने पाळली. धाकूने एकदा तिला हौसेने जुहूला नेलं होतं, समुद्र दाखवायला. भेळवाले, घोडे, फुगे सगळं पाहून ती म्हणाली, "हो समुद्र न्हय, ही जत्रा," आणि पाणी न शिवता परत आली.

पण सुगंधा हटली नाही, आणि म्हातारीनेही फार ताणून धरलं नाही. मग सॅक आली. विकतची घेण्याचा प्रश्नच नव्हता. सुपरवायझरला विचारून सुगंधाने कोटांचे उरलेसुरले तुकडे घरी आणले: शाळेच्या पोरांचा पिवळा, पोस्टमनसारखा खाकी, बायकांचा निळा. कुंदाची सॅक समोर ठेवून तिने तशीच बेतली. शिवणींवर पट्ट्या चिकटवल्या आणि कारखान्यात कोटाची बाही तपासतात तशी सॅकची परीक्षा घेतली, म्हणजे आत काठोकाठ पाणी भरलं आणि ती बाहेर दांडीला टांगली. आख्खी चाळ बघायला जमली. सॅक फुगून गाभण म्हशीसारखी लोंबत होती, पण खालच्या फरशीवर थेंब नाही. द्रौपदीबाईने स्वतः काठी टेकत येऊन सॅकच्या बुडाला हात लावून पाहिला, आणि हात कोरडा निघाल्यावर मान हलवली. सुनेच्या कसबाची तिने केलेली ही एवढीच तारीफ, पण ती सगळ्यांसमोर केली.

मग भरणं सुरू झालं. कुंदाने बजावलं होतं की तिथे हमाल नाही, जे न्यायचं ते आपल्या पाठीवर. तिथे पाऊस विचारून येत नाही, म्हणून प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत. जंगलात जळवा लागतात, त्यांना मीठ. वाळूत बारीक माश्या चावतात, त्यांना मलम. साडी चालणार नाही. आणि पायात हंटर शूज, ते हिरवट कॅनव्हासचे. सुगंधाने जन्मात बूट घातला नव्हता. पहिल्यांदा घालून ती खोलीत चालली तेव्हा पाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटले, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडलं. पंजाबी ड्रेस तिने रात्रपाळीच्या बायका घालतात तसला साधा शिवला. तो घालून सासूसमोर उभी राहताना तिला घाम फुटला होता. द्रौपदीबाईने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फक्त एवढं विचारलं, की ह्याला खिसा का नाही ठेवला.

सगळं जुळून आलं आणि मग कळलं, की निघायचा दिवस नेमका मार्गशीर्षातल्या अवसेचा. द्रौपदीबाईने कॅलेंडर डोळ्यांजवळ धरून खात्री केली. अवसेला समुद्रावर जायचं हे तिच्याने बघवणारच नव्हतं. पण मंडळाची तिकिटं निघालेली, बोट काही राण्यांच्या सुनेसाठी थांबणार नाही. यावर जुन्या लोकांचा एक उपाय होता, आणि तो म्हातारीला पक्का ठाऊक होता. आधीचा एखादा चांगला दिवस धरायचा आणि त्या दिवशी प्रवाशाचं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि त्याच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा अशी एक पुरचुंडी ठेवायची. म्हणजे माणूस निघाला असंच धरतात. यालाच प्रस्थान ठेवणं म्हणतात. पुढे माणूस प्रत्यक्षात अवसेला निघो नाहीतर आणखी कधी, दोष लागत नाही. अटी दोनच. ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी ठेवायचं, आणि एकदा ठेवलेलं परत आपल्या घरात आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला. पुरचुंडीची गाठसुद्धा मुक्कामाला पोचल्यावरच सोडायची.

अंदमान पूर्वेला. राण्यांच्या पूर्वेला दार एकच, शांताबाईचं.

इथे द्रौपदीबाई अडखळली. शांताबाई नगरकडच्या, बौद्ध. नवरा शिवदास म्युनिसिपालटीत, मुलगी जया शाळेत. शेजार चांगला होता, सणाला ताट इकडून तिकडे जायचं. पण इतक्या वर्षांत द्रौपदीबाईने त्या घरचा चहा काही घेतला नव्हता. आत्ताच झाला, पित्त झालंय, असं काहीतरी तिच्याकडे कायम तयार असायचं. शांताबाईला कारण कळत होतं आणि तिने विचारणं सोडून दिलं होतं. आता त्याच घरी सुनेचं प्रस्थान ठेवायला म्हातारीने सुगंधाला पाठवलं, स्वतः गेली नाही.

शांताबाईने सगळं ऐकून घेतलं. "चहा चालत नाही, पण बोचकं चालतं होय?" ती म्हणाली. सुगंधाला मान वर करवेना. मग शांताबाईनेच तिच्या पाठीवरची सॅक उतरवून घेतली. "ठेव. मुहूर्त-बिहूर्त आमच्यात नाही, माहितेय ना तुला. पण तू खरंच जाणार असशील तर ठेव."

सॅक खिडकीखालच्या लोखंडी ट्रंकेवर बसली. पुरचुंडी द्रौपदीबाईने स्वतःच्या हाताने बांधून दिली होती. ती वरच्या खिशात गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळावरच्या शेवाळावरून द्रौपदीबाई घसरली. मांडीचं हाड खुब्याशी मोडलं.

तिला उचलायला पहिली धावली ती शांताबाई. डॉक्टर, प्लास्टर, पायाला टांगलेली वजनं, सगळं झालं आणि म्हातारी घरी आली ती कॉटला खिळूनच. त्या धावपळीत कधीतरी शांताबाईने बशीत चहा ओतून तिच्या ओठांना लावला आणि तिने तो प्यायला. कुंदाचं मंडळ ठरल्या दिवशी गेलं. सुगंधाने तिच्याकडे जळवांसाठी बांधलेली मिठाची पुडी तेवढी पाठवली, वाया जायला नको म्हणून, आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही.

आठ-पंधरा दिवसांनी सुगंधा सॅक आणायला समोर निघाली, तर कॉटवरून आवाज आला, "प्रस्थान ठेवलेला परत घरात हाडूचा नसता." सुगंधा दारातच थांबली. तिला वाटलं, म्हातारीला दुखण्यात काही सुचत नाही, राहू दे चार दिवस. ते चार दिवस पुढे सरकत राहिले.

आता प्रस्थानाचे हाल काय होतात ते बघा. राण्यांच्या घरातली एकुलती एक बॅटरी सॅकमध्ये होती. गुंदवलीत वीज गेली की आख्खं राणे कुटुंब अंधारात बसायचं आणि बॅटरी हाकेच्या अंतरावर समोरच्या घरी. आणता येत नाही. शेवटी शांताबाई ती पेटवून स्वतःच दारात यायची, द्रौपदीबाईचं जेवण होईपर्यंत उजेड धरून उभी राहायची आणि बॅटरी घेऊन परत जायची. धाकूचा चांगला टॉवेल तिकडे अडकला. म्हातारीने मायेने घातलेला सुका जवळा तिसऱ्या आठवड्यात असा दरवळायला लागला की शिवदास बाहेर जाऊन जेवू लागला. तेव्हा शांताबाईने तो कांद्यावर परतून टाकला आणि वाटीभर राण्यांकडे धाडला. शिजवून आणलेलं चालतं का, यावर द्रौपदीबाईने थोडा विचार केला आणि चालतं असं ठरवून खाल्लं.

रविवारी दुपारी सुगंधा समोर जायची, सामान उन्हाला द्यायला. असं ती घरी सांगायची, आणि ते खरंही होतं. शांताबाईच्या खिडकीची एक काच फुटली होती, तिथे सुगंधानेच रेनकोटचं निळं प्लॅस्टिक ताणून चिकटवलं होतं. दुपार कलली की त्यातून ऊन खाली यायचं आणि फरशीचा तेवढा भाग निळा व्हायचा. सुगंधा सॅक उघडायची आणि एकेक वस्तू त्या उजेडात मांडायची. बूट. ताटली, पेला. घडी केलेला ड्रेस, आता खिसा लावलेला. पातळ चादर. सुतळी. वस्तू निळ्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारख्या दिसायच्या, आणि वर हात धरला की हाताची सावली त्यांच्यावर पडायची. ती हात हलवायची नाही. तिला पाणी ऐकू यायचं. शांताबाई एका बाजूला गोधडीला टाके घालत असायची आणि मुळीच बोलायची नाही. एरवी बडबडी बाई, पण ह्या वेळी काय व्हायचं तिला कोण जाणे.

मग सुगंधा सगळं परत भरायची, दर वेळी वेगळ्या रीतीने. बूट तळाशी ठेवले तर पाठीला टोचत नाहीत पण वर काढायला वेळ लागतो, चादर पाठीकडे ठेवली तर बरं, पेल्यात सुतळी बसते. भरून झाली की पट्टे खांद्यांवर चढवून ट्रंकेपासून दारापर्यंत आणि दारापासून ट्रंकेपर्यंत चालायची. उंबरा ओलांडायची नाही. दारात उभं राहिलं की समोर आपलं घर दिसायचं, कॉटवर आडवी झालेली सासू दिसायची, आणि सुगंधाला ते घर फार लांबून, कुठल्यातरी बेटावरून बघितल्यासारखं वाटायचं. सोमवारी पाण्याच्या रांगेत उभी असतानासुद्धा खांद्यांवर पट्टे रुतल्याची जाणीव व्हायची. ती तिला गोड वाटायची.

आणि संध्याकाळी सासू विचारायची, "आज काय भरलंस गो?"

सुगंधा सांगायची. आधी नुसतं सामान सांगायची, मग सामानाबरोबर बेटही सांगू लागली. कुंदा जाऊन आल्यावर तिच्या तोंडून जे जे ऐकलं ते, आणि उरलेलं स्वतःचं. किनाऱ्यावर उभं राहिलं की मागे लगेच जंगल कसं सुरू होतं, झाडांची मुळं भिंतीसारखी उभी कशी, पाऊस समुद्रावरून चालत येताना दिसतो कसा. द्रौपदीबाईच्या शंका वेगळ्या. तिथे ग्रामदेवता कोण? मासा कुठला मिळतो? सारात आमसूल घालतात की चिंच? चिंच असणार असं सुगंधाने ठोकून दिलं तेव्हा म्हातारीला फार वाईट वाटलं, आणि पुढच्या रविवारी सॅकमध्ये आमसुलांची पुडी गेली. पाठ पुसताना, कूस बदलताना, भांडं देताना दोघींचं हेच बोलणं. आजाऱ्याच्या खोलीत जसा वास असतो तसा त्या खोलीतही होताच, पण बोलणं सुरू झालं की तो थोडा मागे सरायचा. सुगंधाला कधीकधी वाटायचं की आपण सुखात आहोत, आणि मग तिचं तिलाच नवल वाटायचं.

असे तीन हिवाळे गेले. कुंदा दर वर्षी विचारायची आणि सुगंधा हसून मान हलवायची. घरी कोण बघणार, हे कारण होतंच. पण खरं कारण ते एकटंच नव्हतं. तिला भीती वाटू लागली होती. आपण जाऊ आणि होडीची सावली तळावर पडतच नसली तर? आता जी आहे ती तरी रविवारी दुपारी हमखास असते.

चौथ्या हिवाळ्याच्या तोंडाशी शिवदासला मुलुंडला क्वार्टर मिळाली. महिनाअखेर खोली सोडायची. शांताबाईने ही बातमी सांगितली तेव्हा तिला आनंद झाला होता आणि तो दाखवायची लाज वाटत होती. सामानाची बांधाबांध सुरू झाली, ट्रंकेवरून सॅक खाली उतरली, आणि प्रश्न उभा राहिला. शांताबाईने सुगंधाला सरळ विचारलं, "हिचं काय करायचं? जाणारेस का नाही तू?"

सुगंधाने त्या दिवशी खूप विचार केला आणि ठरवलं, की पुरे झालं. सॅक घरी आणायची, माळ्यावर टाकायची. प्रवास मोडला तर मोडला, तो काही फार मोठा नव्हता. ठरवल्यावर तिला हलकं वाटलं. तेवढ्याचसाठी तिने ठरवलं होतं की काय, हे ती स्वतःला विचारायला गेली नाही.

संध्याकाळी तिने सासूला सांगितलं. कूस बदलून झाली होती, उशी नीट केली होती. कुंदाचं मंडळ यंदा पुन्हा तिकडेच चाललंय, मला विचारलं, मी नाही म्हटलं. उद्या सॅक घरी आणते, असं ती सहज बोलावं तसं बोलली.

द्रौपदीबाईने तिचा हात धरला. हातात अजून जोर होता. "हाडू नको," ती म्हणाली. "त्या गाठीत तुझा काय एक नाय गो. माझ्या लुगड्याचो तुकडो आसा. तू जातलंस तर मिया पण थोडा जायन, म्हटलंय मनात. माका काय ता अंदमान नको होता. खंयचोय समुद्र चलतलो."

सुगंधाला आधी अर्थच लागेना. मग लागला. पुरचुंडीत तिच्या साडीचा तुकडा घालायचा होता. म्हातारीने स्वतःच्या लुगड्याचा घातला होता. शपथेपायी देवगडचा समुद्र तुटला, जुहूचा मनाला आला नाही, आणि सत्तरीतल्या बाईने सुनेच्या प्रवासात आपला एक तुकडा चोरून बसवला. आणि दुसऱ्याच दिवशी नळावर पडली. तेव्हापासून ती हेच धरून बसली होती, की प्रस्थान खोटं ठेवलं, एकाच्या जागी दुसऱ्याचं ठेवलं, म्हणून सुनेची वाट अडली. तीन वर्षं दर रविवारी संध्याकाळी "आज काय भरलंस" विचारताना ही सल तिच्या पोटात होती. सॅक परत आणू नको म्हणून ती जी अडून बसली, तीही ह्याचसाठी.

सुगंधाला रडू आलं. राग येईल असं वाटून तिने थोडी वाटही बघितली, पण तो आला नाही. कॉटच्या कडेला बसून ती रडली, मग दोघी रडल्या, आणि धाकू कामावरून आला तो चपला न काढता दारातच उभा राहिला. त्याला वाटलं, आई गेली.

रडून झाल्यावर सुगंधाच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती आल्यावर तिच्या हातात काही उरलं नाही. सॅक उद्या घरी आणली तर मोडणार होता तो तिचा प्रवास नव्हता. तिचं प्रस्थान कधी ठेवलंच नव्हतं. स्वतःचा प्रवास मोडायला ती मोकळी होती. सासूचा मोडायचा अधिकार तिला कुणी दिला होता? सावली तळावर पडो न पडो, जाणं आलं.

ती तशीच उठून समोर गेली आणि शांताबाईला सगळं सांगितलं. शांताबाईने ऐकलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली की सॅक मुलुंडला जाईल. मुलुंड तरी कुठे पश्चिमेला आहे? "आणि तू जाऊन येईपर्यंत मी इथं म्हातारीजवळ राहते. जया आता तिच्या बापाला बघण्याइतकी मोठी झाली. तीन वर्षं तुझी पिशवी माझ्या घरात होती, थोडे दिवस माझी तुझ्या घरात." सुगंधा नको-नको म्हणू लागली, तेव्हा शांताबाईने तिला चक्क दटावलं.

टेम्पो निघाला त्या दिवशी भांडी, गाद्या, पंखा सगळं मागे चढलं, पण सॅक शांताबाईने मागे टाकू दिली नाही. लुगड्यावरून पाठीला लावून ती ड्रायव्हरशेजारी बसली आणि टेम्पो बोळाबाहेर पडेपर्यंत खिडकीतून तो पिवळा-निळा गोळा दिसत होता. कॉटवरून द्रौपदीबाईने विचारलं, की गाडी कुठल्या बाजूला वळली. धाकूने सांगितलं, उजवीकडे, म्हणजे पूर्वेला. तेवढं तिला पुरलं.

सुगंधा निघाली तेव्हा तिच्या हातात बटव्याखेरीज काही नव्हतं. चाळीतल्या बायकांना वाटलं, भाजीला चालली. सासूच्या पाया पडली, शांताबाई आपली कपड्यांची पिशवी घेऊन आदल्याच दिवशी येऊन राहिली होती, तिला काय-काय सांगायचं होतं ते चार वेळा सांगून झालं. मग बसने मुलुंड, तिथे जयाच्या हातचा चहा, आणि तिथून सॅक पाठीवर घेऊन कल्याणला कुंदाच्या मंडळाबरोबर मद्रासची गाडी. पट्टे खांद्यांवर बसले तेव्हा तिला फार ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं वाटलं. वजन रविवारी दुपारी असायचं तेवढंच होतं. उंबरा तेवढा ओलांडायचा राहिला होता, तो तिने ओलांडला.

ती परत आली ती उन्हाने भाजून, काळी होऊन, ओठ फुटून. आणि ह्या वेळी ती सॅकसकट आली. इतकी वर्षं ज्या घरात सॅकला मज्जाव होता, त्या घरात ती आता परत शिरली आणि कॉटशेजारी भिंतीला टेकून बसली. शांताबाई चुलीजवळून उठून आली. धाकू छापखान्यातून लवकर आला होता.

द्रौपदीबाईने सवयीने विचारलं, "काय भरलंस गो?"

सुगंधाने वरचा खिसा उघडला. पुरचुंडी सुटलेली होती. तांदूळ, सुपारी, हळकुंड तिने पाण्यात सोडलं होतं. गुडघाभर पाण्यात उभी राहून, बूट गळ्यात अडकवून. लुगड्याचा तुकडा मात्र बुडवून, वाळवून परत आणला होता. तो कडक झाला होता आणि त्यावर पांढरी साय धरली होती. सावलीचं तिने सांगितलं, की पडते, तळावर पडते, पण होडीची बघायची राहून गेली. ह्या तुकड्याची बघत बसले. तो हातात धरला होता आणि त्याची सावली खाली वाळूवर हलत होती.

म्हातारीने तुकडा घेतला. नाकाशी नेला, मग जिभेच्या टोकाला लावला. तिच्या तोंडावर काय आलं ते सुगंधाला नीट दिसलं नाही, कारण तिचे स्वतःचेच डोळे भरले होते.

"पावलंय गो मिया," द्रौपदीबाई म्हणाली.

मग सुगंधाने सॅक उलटी केली. बूट, ताटली, पेला, चादर सगळं जमिनीवर आलं, आणि सगळ्यांबरोबर मूठभर वाळूही आली. शांताबाईने नुकताच केर काढला होता. ती कुरकुरत केरसुणी आणायला गेली, आणि द्रौपदीबाई म्हणाली की राहू दे, आज झाडू नको.